खराब फोटोतला ‘दुर्मीळ’ पक्षी: ओळख कुठे चुकते आणि ती कशी तपासायची

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. फोटो लांबून काढलेला, अर्धा पक्षी पानांआड, उजेड पक्ष्याच्या पाठीमागून. पुस्तकातल्या चित्राशी तीन-चार खुणा जुळतात, मोबाइलवरचं ॲपही तेच दुर्मीळ नाव पुढे करतं. पण फोटो जाणकारांकडे गेला की उत्तर येतं, ‘यावरून सांगता येणार नाही’ किंवा ‘हा तर नेहमीचाच’. असं वारंवार होण्यामागचं कारण बहुतेक वेळा सारखंच असतं: जुळलेल्या खुणा पक्ष्याच्या अंगावर नसतातच, त्या उजेडाने, लेन्सने किंवा सॉफ्टवेअरने तयार केलेल्या असतात. त्यामुळे नाव शोधायला बसण्याआधी फोटोत दिसतंय त्यातलं पक्ष्याचं किती आणि फोटोचं किती, हे निवडून घ्यावं लागतं. तांदूळ शिजवण्याआधी खडे काढावेत तसं.

मूळ फाइल नसेल तर पुढे जाऊ नका

व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो लहान केलेला आणि पुन्हा दाबलेला असतो, शिवाय त्यातली एक्झिफ माहिती, म्हणजे वेळ, फोकल लेंग्थ, शटर, एक्स्पोजर, निघून गेलेली असते. पाठवणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल, असेल तर उत्तमच. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो रंगाच्या बाबतीत निकामी समजावा, त्यात पडद्याच्या जाळीच्या लाटा येतात आणि त्या पिसांवरच्या बारीक आडव्या रेघांसारख्या दिसतात.

त्या वेळी काढलेल्या सगळ्या फ्रेम मागवा, हलल्या म्हणून बाजूला टाकलेल्याही. लोक सगळ्यात ‘छान’ फ्रेम पाठवतात. पक्षी शेपूट पसरून उडाला ती हललेली फ्रेम मात्र कार्डवरून उडवलेली असते, आणि नेमकी तीच कामाची असते.

खूण दिसण्याइतके पिक्सेल आहेत का?

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि निम्मे वाद इथेच मिटतात. फोटो शंभर टक्के आकारात उघडा, चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पक्षी किती पिक्सेलचा आहे ते मोजा. पुस्तकात दिलेली त्याची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या आणि पिक्सेलच्या आकड्याने भागा. एका पिक्सेलमध्ये किती मिलिमीटर मावतात ते कळतं. (पुस्तकातली लांबी आडव्या ताणलेल्या पक्ष्याची असते, अंग चोरून बसलेला पक्षी आखूड भरतो, म्हणून हा अंदाजच.)

जी खूण तीन पिक्सेलपेक्षा लहान भरते तिच्याबद्दल ‘आहे’ही म्हणू नये आणि ‘नाही’ही म्हणू नये. कॅमेऱ्याचा सेन्सर प्रत्येक पिक्सेलला एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो. म्हणून रंगीत खुणेसाठी पाच-सहा पिक्सेल धरलेले बरे.

उदाहरण पिंगळ्याचं घेऊ. साधा पिंगळा साधारण २१ सेंटिमीटरचा. फोटोत तो १४० पिक्सेलचा असेल तर एक पिक्सेल म्हणजे दीड मिलिमीटर. माथ्यावरचा दोन-तीन मिलिमीटरचा पांढरा ठिपका अशा फोटोत जेमतेम दोन पिक्सेलचा. थोडा फोकस हुकला की ठिपके माथ्याच्या तपकिरी रंगात विरघळतात, माथा कोरा दिसतो आणि फोटो ‘रानपिंगळा’ म्हणून फिरायला लागतो. रानपिंगळा १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये पुन्हा सापडलेला पक्षी, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण ‘माथ्यावर ठिपके नाहीत’ ही खूण खराब फोटोत आपोआप तयार होते, म्हणून खराब फोटोत तिची किंमत शून्य. त्याऐवजी मोठ्या, ठळक खुणा बघायच्या, ज्या धूसरपणातही टिकतात: छातीवर जवळजवळ सलग गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पोटाचा मधला भाग कोरा पांढरा, पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे. साध्या पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी खालपर्यंत उतरते आणि शेपटीवरचे पट्टे अरुंद असतात. दिवसा उघड्यावर बसला होता, हा पुरावा धरू नये, साधा पिंगळाही दिवसा खुशाल बसतो.

यातून निघणारा नियम सगळीकडे चालतो. धूसरपणा खुणा पुसतो, सहसा नव्या घालत नाही. म्हणून ‘अमुक नाही’ यावर उभी असलेली ओळख ‘अमुक आहे’ यावर उभ्या असलेल्या ओळखीपेक्षा नेहमी कच्ची.

उजेड

आकाशाच्या पार्श्वभूमीवर काढलेल्या फोटोत दोन उलट चुका होतात. एक्स्पोजर कॅमेऱ्यावर सोडलं तर तो आकाश मोजतो आणि पक्षी काळा पडतो. मग पाठ, माथा, गाल सगळंच गडद दिसतं आणि तीन खुणा जुळल्यासारख्या वाटतात. खरं तर ती एकच गोष्ट तीनदा मोजलेली आहे: फोटो अंधारलेला आहे. दुर्मीळ पक्ष्यांच्या फसलेल्या नोंदींमध्ये ही चूक सगळ्यात जास्त असावी. खुणा मोजताना विचारा, या सगळ्या एकाच बिघाडातून येऊ शकतात का? येत असतील तर सगळ्यांची मिळून एकच खूण धरा, तीही अर्धी.

उलट बाजूला एक्स्पोजर जास्त झालं तर पांढरं आकाश गडद वस्तूच्या कडा खातं. चोच बारीक आणि आखूड होते, पाय काडीसारखे होतात, शेपटीचं टोक गायब होतं. चोचीची जाडी हीच निर्णायक खूण असेल तर आधी चोचीच्या कडेला लागून असलेल्या आकाशाचे पिक्सेल तपासा. तिन्ही रंगांचे आकडे २५५ ला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकले असतील तर मोजणी सोडून द्या. पांढऱ्या भागांचंही तसंच: जळालेले शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून सलग पट्टा बनतो.

उजेड पाठीमागून आला की पिसं पारदर्शक होतात. शिकारी पक्ष्याच्या पंखात मग ‘पांढरी खिडकी’ दिसते, ती प्रत्यक्षात पिसाचा रंग नसून पिसातून आलेला प्रकाश असतो. पक्षी वळल्यावरच्या पुढच्या फ्रेममध्ये ती नाहीशी झाली तर खूण नव्हतीच. वाळू किंवा पाण्यावरून परावर्तित होणारा उजेडही पोटाखालचा भाग असाच खोटा उजळ करतो.

पानांच्या सावल्यांबद्दल एकच सांगायचं: अंगावरचा ठिपका पिसांच्या रांगेबरोबर जातो, सावली पिसांना तिरकी छेदून जाते.

रंगावर किती विश्वास ठेवायचा

कमी. दाट झाडीत सगळ्या पक्ष्यावर हिरवट झाक येते, संध्याकाळी राखाडी पाठ तपकिरी होते, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून केलेली रंगांची जुळवणी, यातलं काही दुरुस्त करतं, काही उलटं करतं. रॉ फाइल असेल तर त्याच फ्रेममधली, त्याच उजेडातली एखादी तटस्थ वस्तू शोधा, राखाडी दगड, बगळ्याचं पांढरं अंग, आणि फोटो सॉफ्टवेअरमधल्या ड्रॉपरने (रंग उचलण्याच्या साधनाने) तिथून रंग जुळवा. दगड उन्हात आणि पक्षी सावलीत असेल तर ही युक्ती चालत नाही, उलट झाक वाढते.

कुरवांच्या (गल पक्ष्यांच्या) पाठीच्या राखाडी छटेवरून जाती वेगळ्या करताना तर फार जपावं. तोच पक्षी उन्हाकडे पाठ करून बसला की फिका, जरा वळला की गडद. शेजारी ओळखीच्या जातीचा कुरव त्याच दिशेला तोंड करून बसला असेल तरच तुलना करा.

पायाचा रंग चिखलाने बदलतो. कपाळावरचा पिवळा-नारिंगी डाग बहुधा फुलातला पराग असतो, आणि फुलांवर येणाऱ्या छोट्या पक्ष्यांत यावरून बरीच नवी-नवी नावं सुचवली जातात.

संदर्भाचा रंगही चुकीचा असू शकतो. बोर्निओतला काळ्या भुवईचा बॅबलर १८४० च्या दशकातल्या एकाच नमुन्यावरून माहीत होता. २०२० मध्ये दक्षिण कालिमंतानमध्ये स्थानिक माणसांना तो जिवंत सापडला, त्यांनी फोटो काढले आणि ओळख पटली. संग्रहालयातल्या नमुन्याला पिवळा काचेचा डोळा बसवलेला होता, जिवंत पक्ष्याचा डोळा लालसर निघाला. पायाचा रंगही जुन्या वर्णनापेक्षा वेगळा होता. डोळे, पाय, चोच यांचे रंग मेल्यानंतर टिकत नाहीत. जुन्या नमुन्यांवरून काढलेल्या चित्राशी फक्त त्याच जागी जमत नसेल तर लगेच जात बाद करू नका.

सॉफ्टवेअरने घातलेली कडी आणि पट्ट्या

वर म्हटलं की धूसरपणा सहसा नव्या खुणा घालत नाही. सॉफ्टवेअर मात्र घालतं. शार्पनिंग वाढवलं की गडद-फिक्या सीमेवर फिकट रेघ उमटते. डोळा काळा आणि गाल तपकिरी असेल तर डोळ्याभोवती सुबक पांढरं कडं तयार होतं. पंखावर तीच रेघ पंखपट्टी होते, डोळ्याच्या वर भुवई होते. ओळखण्याचा मार्ग सोपा आहे: फोटोत इतरत्र, फांदीच्या कडेला, पानाच्या देठाला अशीच फिकट किनार आहे का बघा. असेल तर कडं खोटं.

गडद वस्तू आणि उजळ आकाश यांच्या सीमेवर लेन्समुळे जांभळी किंवा हिरवी झालर येते. चोचीची एक बाजू जांभळट असेल तर बहुधा हेच. जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा दोन्ही दिशांना निम्म्या तपशिलाने साठवलेली असते, म्हणून बारीक लाल कडं करडं होतं किंवा त्याची लाली शेजारी सांडते. काळा-पांढरा तपशील त्यामानाने बरा टिकतो. वाद असेल तेव्हा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघावा, खुणेचा आकार तरी खरा दिसतो.

आणि एआय वापरून ‘स्पष्ट’ केलेला फोटो पुराव्यात घेऊच नये. ते सॉफ्टवेअर दुसऱ्या हजारो पक्ष्यांची पिसं पाहून या पक्ष्याला पिसं काढून देतं. मोबाइलचे कॅमेरेही झूममध्ये थोडंफार हेच करतात, आणि सांगत नाहीत. फोटो मोठा करून डोळे ताणण्यापेक्षा लहान करून बघा: दोन्ही बाजू निम्म्या केल्या की चार पिक्सेलची सरासरी होते, दाणेदारपणा साधारण निम्म्यावर येतो आणि पक्ष्याची ठेवण उठून दिसते.

आकार

एकट्या पक्ष्याचा आकार फोटोवरून सांगू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच सांगतात. दोन पक्षी एका फ्रेममध्ये असले तरी सापळा आहेच. लांब लेन्समध्ये मागचा पक्षी फोटोत फारसा लहान होत नाही. डोळ्याची अपेक्षा मात्र तो लहान दिसावा अशी असते, म्हणून तो उगाच मोठा भासतो. दोघंही फोकसमध्ये असतील, पाय एकाच रेषेत असतील, तरच तुलना.

अंतर माहीत असेल तर हिशोब करता येतो: पिक्सेलची संख्या गुणिले सेन्सरवरच्या पिक्सेलचा आकार गुणिले अंतर, भागिले फोकल लेंग्थ. ४०० मिमी लेन्स, ४ मायक्रॉनचा पिक्सेल, ४० मीटर अंतर घेतलं तर एक पिक्सेल म्हणजे ०.४ मिलिमीटर, म्हणजे ३०० पिक्सेलचा पक्षी १२ सेंटिमीटरचा. फोकल लेंग्थ खरी घ्यायची, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर छापलेली ‘इक्विव्हॅलंट’ नाही, नाहीतर उत्तर काही पट चुकतं. अंतरातली दहा टक्क्यांची चूक आकारात तेवढीच उतरते.

याहून पक्का उपाय: पक्षी उडून गेल्यावर त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, त्याच फांदीशी धरलेल्या मोजपट्टीचा फोटो काढायचा. जवळ घरटं असेल तर मात्र फांदीपाशी जाऊ नये, कुठलाही आकडा तेवढा महत्त्वाचा नसतो.

अंतर माहीत नसेल तर गुणोत्तरं वापरा, चोच विरुद्ध डोक्याची लांबी, मिटलेल्या पंखाचं बाहेर आलेलं टोक विरुद्ध त्यावरची झाकणारी पिसं. पक्षी पूर्ण आडवा असला पाहिजे. चोच कॅमेऱ्याकडे ३० अंश वळली तर ती १३ टक्के आखूड दिसते, ४५ अंश वळली तर जवळपास ३० टक्के. तुतारी, चिखल्या या पाणथळीतल्या पक्ष्यांच्या कितीतरी जोड्यांत दोन जातींमधला फरकच एवढा असतो.

उडता पक्षी

शिकारी पक्ष्यांत पंखाच्या टोकाला सुटी दिसणारी पिसं, म्हणजे ‘बोटं’, मोजणं खराब फोटोतही जमतं, कारण त्यासाठी नुसती काळी आकृती पुरते. आपल्या नेहमीच्या मधुबाजाला सहा बोटं, युरोपीय मधुबाजाला पाच. शिक्र्याला पाच, युरेशियन स्पॅरोहॉकला सहा. भोवत्यांत (हॅरियर गटात) हेन हॅरियरला पाच, पॅलिड आणि माँटेग्यूला चार. पण पिसं गळण्याच्या काळात एखादं पीस पडलेलं किंवा अर्धवट वाढलेलं असतं आणि आकडा एकाने घसरतो. दोन्ही पंख मोजा, वेगवेगळ्या फ्रेममध्ये मोजा. पंख वर जाताना बोटं मिटतात, म्हणून पूर्ण ताणलेल्या पंखाचीच फ्रेम घ्या.

मिररलेस कॅमेऱ्याच्या आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरची वेगळीच गंमत. शटर १/२००० वर असलं तरी अनेक कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली वाचायला १/३० ते १/६० सेकंद लागतो. तेवढ्यात पंख हलतो आणि फोटोत वाकडा, आखूड किंवा रुंद उमटतो. पंखाच्या ठेवणीवरून निर्णय घ्यायचा असेल तर फोटो कोणत्या शटरने काढला ते विचारा.

धूसर पंखावरचा सगळ्यात गाजलेला वाद अमेरिकेतला. २००४ मध्ये आर्कान्सामधल्या दलदलीत डेव्हिड लुनो यांच्या व्हिडिओत काही सेकंद एक मोठा सुतार उडताना टिपला गेला. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये तो आयव्हरी-बिल्ड, म्हणजे नामशेष मानला जाणारा सुतार असल्याचं प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये त्याच नियतकालिकात डेव्हिड सिब्ली आणि सहकाऱ्यांनी तो नेहमीचा पायलिएटेड सुतार असू शकतो असं मांडलं. सगळा वाद एका प्रश्नावर: दिसणारं पांढरं पंखाच्या वरच्या बाजूचं की खालच्या? आयव्हरी-बिल्डच्या पंखाची मागची कड पांढरी, पायलिएटेडच्या पंखाखाली पुढचा भाग पांढरा आणि मागची कड काळी. प्रतिमा पसरली की पांढरं काळ्यावर सांडतं आणि ती काळी कड दिसेनाशी होते. तज्ज्ञ होते, फ्रेम न् फ्रेम तपासली होती, तरी एकमत झालं नाही.

तीन रकाने

दुर्मीळ जातीचं पुस्तक उघडण्याआधी फोटोत दिसतं ते कागदावर लिहून काढा. मग त्या जातीशी घोळ होऊ शकणाऱ्या सगळ्या नेहमीच्या जाती मांडा, नर, मादी, पिल्लू, पिसं बदलतानाची अवस्था यांसह. प्रत्येक खुणेपुढे तीनपैकी एकच लिहायचं: ‘दिसते’, ‘नक्की नाही’, ‘सांगता येत नाही’. तिसरा रकाना कोरा ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि प्रामाणिक तक्त्यात तोच सगळ्यात भरलेला असतो.

खूण किमान दोन वेगळ्या फ्रेममध्ये, शक्यतो वेगळ्या कोनातून दिसली तरच पहिल्या रकान्यात. शेवटी स्वतःच्या विरुद्ध वकिली करा: हा नेहमीचाच पक्षी आहे असं धरून प्रत्येक विसंगतीला उजेड, कोन, चिखल, पिल्लाची पिसं, रंगद्रव्याचा अभाव, संकर, पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी यापैकी काही लागू पडतं का बघा. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन खुणा तरीही उरल्या तर नोंद पाठवण्याजोगी आहे.

ॲपने दिलेल्या नावाला या तक्त्यात जागा नाही. ॲप फोटोशी सर्वांत जास्त साम्य असलेलं नाव देतं. पाने, काळोख, धूसरपणा हेही त्याच्या लेखी साम्यच. तोच फोटो वेगळा कापून दिला आणि नाव बदललं, तर त्याला काय कळलंय ते समजतं.

काही जोड्या फोटोवर सुटत नाहीत. पर्णवटवट्यांच्या (लीफ वॉर्बलर) बऱ्याच जाती आवाजावरच वेगळ्या होतात. पाणलाव्यांत (स्नाइप) कॉमन स्नाइपला शेपटीची पिसं साधारण १४ आणि पिन-टेल्डला २४ ते २८, बाहेरची टाचणीसारखी. ही दिसण्यासाठी पक्षी पिसं साफ करताना शेपूट पसरतो तो क्षण मिळावा लागतो, बसलेल्या पक्ष्याचा कितीही स्वच्छ फोटो पुरत नाही. अशा वेळी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, ‘अमुक किंवा तमुक’ किंवा नुसता गट नोंदवण्याची सोय आहे, ती वापरा. तशी नोंद अभ्यासाला उपयोगी पडते, चुकीचं नेमकं नाव पडत नाही.

पुढच्या वेळी जागेवरच

पहिला फोटो जसा येईल तसा काढून घ्या, मग सुधारा. आकाशावरच्या पक्ष्याला एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), गडद झाडीपुढच्या पांढऱ्या पक्ष्याला तेवढंच कमी करा. उडताना १/२००० किंवा जास्त वेग, शक्यतो मेकॅनिकल शटरने. दुपारी तापलेल्या जमिनीवरून येणाऱ्या हवेच्या थरथरीत चोच-पाय लांब-आखूड होतात, तिथे वीसेक फ्रेम सलग काढा, बहुतेकींत सारखा राहील तो आकार खरा. चेहरा मिळाला की थांबू नका, पाठ, शेपटीची खालची बाजू, मिटलेल्या पंखाचं टोक, पाय हेही घ्या. शेजारचा ओळखीचा पक्षी एका तरी फ्रेममध्ये येऊ द्या. मोबाइल खिशातून काढून अर्धा मिनिट आवाज टिपा, नुसती पार्श्वभूमीची कुजबुज वाटली तरी. आणि घरी पोहोचून तक्ता भरेपर्यंत कार्डवरचं काही उडवू नका.